मेस्सीसारख्या पोस्ट टाकून मेस्सीसारखे फॉलोअर का मिळत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ २० वर्षांचा, कोल्हापुरात एका तालीम संघाकडून फुटबॉल खेळतो, लेफ्ट विंगला, म्हणजे पुढच्या फळीत डाव्या कडेनं. वर्षभर त्याचं इन्स्टाग्राम तुम्ही सांभाळताय, रोज एक पोस्ट पडते, पण फॉलोअर ९०० च्या पुढे सरकत नाहीत. तिकडे मेस्सी अधूनमधून पोरांसोबतचा एखादा फोटो टाकतो, खाली दोन शब्द, तेही स्पॅनिशमध्ये, आणि लाइक कोटींच्या घरात. "त्याचं अकाउंट चालवणारे नेमकं काय करतात? ते आम्हाला जमेल का? की सरळ १०,००० फॉलोअर विकत घ्यावेत?"

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते: विकत घेऊ नका. का ते पुढे येईलच. पहिल्या भागासाठी मात्र जरा बसावं लागेल, कारण तुम्ही विचारताय अकाउंटबद्दल आणि उत्तर अकाउंटच्या बाहेर आहे.

मी मूळची कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेतली. गेली १४ वर्षं खेळाडूंची आणि संघांची समाजमाध्यमं सांभाळते. त्यात कबड्डी आणि कुस्ती जास्त, क्रिकेट बरंच, फुटबॉल हौसेनं. मेस्सीकडे मी चाहती म्हणून बघतेच, पण सवयीनं धंद्याच्या नजरेनंही बघते. त्या नजरेला पहिली गोष्ट दिसते ती अशी की त्याचं अकाउंट म्हणजे पागोळ्यांखाली ठेवलेलं घंगाळ आहे. घंगाळ मोठं आहे, स्वच्छ आहे, बरोबर जागी ठेवलंय. पाऊस त्यानं पाडलेला नाही. तुम्ही वर्षभर घंगाळ घासताय.

आता पाऊस कुठून येतो ते पाहू. अर्जेंटिनाची लोकसंख्या साधारण साडेचार कोटी. मेस्सीचे इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर ५० कोटींच्या वर. म्हणजे अर्जेंटिनातल्या तान्ह्या बाळासकट प्रत्येकानं त्याला फॉलो केलं असं धरलं, तरी दहातले नऊ फॉलोअर देशाबाहेरचे. बहुतेकांना स्पॅनिश येत नाही. म्हणजे कॅप्शन वाचून कुणी आलेलं नाही. एप्रिल २०११ मध्ये त्याचं फेसबुक पान सुरू झालं, तेव्हा काही तासांत ६० लाखांहून जास्त लोक तिथे जमा झाले. नुकत्याच उघडलेल्या पानावर असं काय वाचायला असणार? लोक आधीच त्याचे झाले होते, त्यांना जमायला एक जागा मिळाली एवढंच. आणि एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, त्याचं स्वतःचं अकाउंटच नाही. तरी तिथे त्याचं नाव निघाल्याशिवाय एक दिवस जात नाही.

मग हे लोक त्याचे झाले कधी? मला विचाराल तर १८ एप्रिल २००७ ही तारीख लक्षात ठेवा. कोपा देल रे या स्पेनमधल्या क्लबांच्या स्पर्धेतला बार्सिलोना-गेटाफे सामना. मेस्सीनं मध्यरेषेजवळ उजव्या बाजूला चेंडू घेतला, एकामागून एक बचावपटू मागे टाकले, गोलरक्षकालाही चकवलं आणि चेंडू जाळ्यात घातला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, तुमच्या भावापेक्षा एक वर्षानं लहान. हा गोल १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध केलेल्या गोलाची जवळजवळ हुबेहूब नक्कल होता, आणि यूट्यूब सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. लोकांनी दोन्ही गोल शेजारी शेजारी लावून जोडव्हिडिओ केले. धाव तीच, वळणं तीच, मधे २१ वर्षं. ज्यानं मॅराडोनाला कधी पाहिलंच नव्हतं अशा पोराला त्या एका क्लिपमधून दोन पिढ्या एकदम भेटल्या. ते व्हिडिओ मेस्सीनं केले नाहीत. त्याला कल्पनाही नसेल. ते त्याच्या खेळाचा नाद लागलेल्या लोकांनी केले.

या मुद्द्याची चाचणी नशिबानं २०२२ मध्ये आपोआप झाली. आमच्या कामात अशी चाचणी सहसा मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, विश्वचषक सुरू होण्याच्या तोंडावर, लुई व्हिटाँ या महागड्या बॅगा बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीची एक जाहिरात आली. मेस्सी आणि रोनाल्डो समोरासमोर बसलेत, मधे त्या कंपनीची पेटी, पेटीवर बुद्धिबळाचा डाव. फोटो अॅनी लीबोविट्झचा. पटावरची मांडणीसुद्धा २०१७ च्या कार्लसन-नाकामुरा डावातली घेतलेली. ज्यांना कळलं त्यांनी ती इतरांना समजावून सांगितली, तेवढाच गाजावाजा वाढला. दोघांनी तोच फोटो आपापल्या अकाउंटवर टाकला. रोनाल्डोला ४ कोटींच्या आसपास लाइक मिळाले, मेस्सीला ३ कोटींच्या आसपास. फोटो एक, आठवडा एक. रोनाल्डोचं अकाउंट मोठं, म्हणून त्याला जास्त. इथपर्यंत सगळं घंगाळाच्या आकारावर ठरलं.

महिनाभरानं, १८ डिसेंबरला, कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना ३-३ असा सुटला आणि पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२ नं जिंकली. मेस्सीनं चषकासोबतचे फोटो टाकले, वर एक ओळ: जगज्जेते, आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. त्याआधी इन्स्टाग्रामवरचा सर्वाधिक लाइकचा मान एका अंड्याकडे होता. खरंच अंडं. ४ जानेवारी २०१९ ला कुणीतरी साध्या अंड्याचा फोटो टाकून म्हटलं होतं की चला, विक्रम मोडू, आणि जगानं गंमत म्हणून मोडून दिला. जवळपास चार वर्षं ते अंडं वर बसून होतं. मेस्सीच्या पोस्टनं त्याला दोन दिवसांत खाली आणलं आणि पुढे ७ कोटींच्याही वर गेली. म्हणजे त्याच अकाउंटवर, त्याच माणसाला, महिन्याच्या अंतरानं दुपटीहून जास्त लाइक. एका बाजूला जगातल्या सर्वांत नावाजलेल्या छायाचित्रकारांपैकी एकीनं सजवलेला फोटो, दुसऱ्या बाजूला घामेजलेल्या गर्दीतला.

कॅमेरा, प्रकाश, कॅप्शन, पोस्ट टाकायची वेळ या सगळ्यात बुद्धिबळाचा फोटो वरचढ. मग फरक कशाचा? माझ्या मते आठ वर्षांचा. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या माराकाना मैदानावर जर्मनीकडून विश्वचषकाचा अंतिम सामना हरल्यावर बक्षीस घ्यायला जाताना मेस्सी चषकाकडे बघतोय, हा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कारही मिळाला. मग २०१५ आणि २०१६ मध्ये कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेचे दोन अंतिम सामने चिलीकडून पेनल्टींवर गेले. २०१६ ला त्यानं स्वतःची पेनल्टी गोलच्या वरून मारली आणि राष्ट्रीय संघ सोडतो म्हणाला, मग काही आठवड्यांत परत आला. २०२१ ला त्याच माराकानावर ब्राझीलला १-० हरवून कोपा जिंकली. आणि कतारमध्ये पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून २-१ हरले. हे सगळं ज्यानं पाहिलंय त्याला त्या पोस्टला कॅप्शन लागतच नव्हतं. त्याच्या डोक्यात २०१४ चा फोटो होता, समोर २०२२ चा. जोडव्हिडिओ पुन्हा लोकांनीच केला, या वेळी मनातल्या मनात.

एक गंमत राहिली. त्या गाजलेल्या पोस्टमधला मेस्सीच्या हातातला चषक खरा नव्हता, चाहत्यांनी बनवून घेतलेली प्रतिकृती होती, असं नंतर उघड झालं. गर्दीत ती हातोहात फिरत खेळाडूंपर्यंत पोहोचली. लाइक एकानंही मागे घेतल्याचं ऐकिवात नाही.

खेळ आणि त्याभोवती लोकांनी जोडलेली गोष्ट, हा या पावसाचा पहिला झरा. आता दुसरा झरा: दुसऱ्यांचे कॅमेरे आणि दुसऱ्यांचे माइक. ९ डिसेंबर २०२२, नेदरलँड्सविरुद्धचा तो भांडाभांडीचा उपांत्यपूर्व सामना. सामन्यानंतर मेस्सी एका अर्जेंटिनी वाहिनीला मुलाखत देत होता. मधेच बाजूला बघून तो म्हणाला, "के मिरास, बोबो? आंदा पा' या." बाजूला होता डच खेळाडू वाउट वेगहोर्स्ट. पुण्याच्या मराठीत याचं भाषांतर करायला गेलात तर मजा जाते. कोल्हापुरीत मात्र ते जसंच्या तसं बसतं: काय बघालायस रं येड्या? जा की तिकडं! रात्रीत ते वाक्य टी-शर्टवर गेलं, मग्सवर गेलं, मोबाईलच्या रिंगटोनमध्ये गेलं. मेस्सीला मात्र पुढे त्याबद्दल फारसा अभिमान वाटला नाही. आपली अशी प्रतिमा राहावी हे आवडलं नाही, असंच तो बोलला. पण वर्षानुवर्षं 'गरीब गाय' म्हणून ओळखला गेलेला माणूस एकदा चिडलेला लोकांना दिसला आणि त्यांना तो आणखी आपला वाटला. गुळमुळीत सोज्वळपणा लोक फक्त स्क्रोल करतात.

याच्या आदल्या वर्षी अर्जेंटिनाचा गोलरक्षक दिबू मार्तिनेझचं असंच झालं. जुलै २०२१, कोपाचा उपांत्य सामना, कोलंबियाविरुद्ध पेनल्टी. कोविडमुळे मैदानात प्रेक्षक नाहीत, म्हणून तो समोरच्याला जे जे बोलत होता ते सगळं माइकनं टिपलं. "मिरा के ते कोमो" म्हणजे बघ हं, खातो तुला. त्यानं तीन पेनल्टी अडवल्या आणि ते वाक्य अर्जेंटिनाभर झालं. प्रेक्षकांनी भरलेल्या मैदानात तेच वाक्य कुणाला ऐकूही गेलं नसतं. असा योग कुठलीही एजन्सी जुळवून आणू शकत नाही, आणि आणू म्हणणाऱ्या एजन्सीला पैसे देऊ नका.

तिसरा झरा मला सगळ्यांत जवळचा, कारण त्यात मी स्वतः भिजलेय. दूरच्या गावांनी त्याला आपला मानलं. विश्वचषकाच्या वेळी आपल्या पेठांत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका गल्लीत आकाशी-पांढरे पट्टे, पुढच्या गल्लीत ब्राझीलचा पिवळा, आणि मधल्या चहाच्या टपरीवर दोन्ही. केरळात कोझिकोडजवळ पुल्लावूरला २०२२ मध्ये पोरांनी नदीत मेस्सीचा ३० फुटी कटआउट उभा केला. मग ब्राझीलच्या नेमारवाल्यांनी ४० फुटांचा केला, मग रोनाल्डोवाल्यांनी त्याहून उंच. त्या नदीचा फोटो खुद्द फिफानं जगाला दाखवला. बांगलादेशात तर मध्यरात्री पडद्यासमोर हजारोंनी नाचणाऱ्या लोकांचे व्हिडिओ अर्जेंटिनात पोहोचले, तिथल्या लोकांनी बदल्यात बांगलादेशच्या क्रिकेट संघाला पाठिंबा द्यायला फेसबुकवर गट काढला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्जेंटिनानं ढाक्यातला १९७८ पासून बंद असलेला दूतावास पुन्हा उघडला. दूतावास काही नुसत्या रीलमुळे उघडत नाहीत, व्यापाराचे हिशेब असतात. पण निमित्त कुणी दिलं ते दोन्ही देशांत सगळ्यांना माहीत आहे.

यात धंद्याच्या नजरेनं बघण्यासारखं काय? पुल्लावूरच्या पोरांना मेस्सीकडून काही मिळणार नव्हतं. त्यांना नेमारवाल्यांची जिरवायची होती. मेस्सी हे त्यांच्या आपापसातल्या चढाओढीचं चलन झालं. माणूस नुसता आवडतो तेव्हा लोक त्याला फॉलो करतात. त्याच्यावरून मित्राशी भांडता येतं तेव्हा लोक त्याची जाहिरात स्वतःच्या खर्चानं करतात. मेस्सी की रोनाल्डो, हा वाद पंधरा वर्षं चहाच्या कपावर चाललाय आणि दोघांचीही अकाउंट त्यावर वाढली आहेत.

क्लबांचं काय होतं तेही थोडक्यात पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये तो रडत रडत बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, तेव्हा पीएसजी या तिथल्या क्लबचे इन्स्टाग्राम फॉलोअर काही दिवसांत कोटींनी वाढले. दोन वर्षांनी तो निघाला तसे लाखो लोक त्या पानावरूनही निघाले. अमेरिकेतल्या इंटर मायामी क्लबचे जेमतेम १० लाख फॉलोअर होते. जून २०२३ मध्ये तो येणार हे कळलं आणि हा छोटा क्लब बघता बघता अमेरिकेतल्या जुन्या, बलाढ्य अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल संघांच्या पुढे गेला. २१ जुलैला पहिल्याच सामन्यात त्यानं ९४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल मारला, मग काय विचारता. संघाचं पान सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांना यातून एक गोष्ट झोंबते: ते फॉलोअर क्लबचे कधी नव्हतेच, भाड्यानं आले होते.

आणि हा पाऊस उलटाही पडतो. ४ फेब्रुवारी २०२४ ला हाँगकाँगमध्ये लोकांनी महागडी तिकिटं काढली आणि दुखापतीमुळे मेस्सी बाकावरच बसून राहिला. मैदानात हुर्यो उडाली. तीन दिवसांनी टोकियोत तो थोडा वेळ का होईना खेळला, त्यानं आगीत तेलच पडलं. चीनमधले अर्जेंटिनाचे ठरलेले सामने रद्द झाले. शेवटी त्यानं वेईबो या चिनी समाजमाध्यमावर व्हिडिओ टाकून स्वतः खुलासा केला. एरवी दोन शब्दांवर भागवणाऱ्या माणसाला त्या दिवशी बोलावं लागलं. आपल्याकडे १३ डिसेंबर २०२५ ला कोलकात्यात तेच. सॉल्ट लेकवर हजारो रुपये मोजून आलेल्यांना त्याच्याभोवतीच्या मान्यवरांच्या कड्यामुळे तो नीट दिसलाच नाही, तो लवकर निघून गेला, आणि लोकांनी खुर्च्या-बाटल्या मैदानात फेकल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर मात्र सचिननं त्याला आपली १० नंबरची जर्सी दिली आणि कार्यक्रम सुरळीत झाला. दोन्ही ठिकाणी पाहुणा तोच, लोकांचं वेडही तेवढंच. लोकप्रियता ही उधारी आहे, लोक ती वसूल करायला कधीतरी मैदानात येतात. हे मी माझ्या खेळाडूंना सांगते, अगदी २,००० फॉलोअर असलेल्यांनासुद्धा. उद्घाटनाला येतो म्हणालास तर जा.

बरं, आता तुमचा भाऊ.

पहिलं ठरवा की हवं काय आहे. पेठेत नाव, की वरच्या पातळीवर निवड? दोन्ही चांगलंच, पण दोन्हींचं काम वेगळं. निवड हवी असेल तर फॉलोअर जवळजवळ बिनकामाचे. प्रशिक्षकाला किंवा क्लबच्या माणसाला पाठवायला तुमच्याकडे दोन-तीन पूर्ण सामन्यांचं चित्रीकरण हवं: स्टँडच्या वरच्या पायरीवरून, मध्यरेषेच्या समोरून, मोबाईल आडवा आणि ट्रायपॉडवर स्थिर ठेवलेला. लेफ्ट विंगरच्या पायात चेंडू नसताना तो काय करतो, चेंडू गेल्यावर मागे पळतो का, हे त्यात दिसतं. रीलमध्ये ते कधीच दिसत नाही, आणि पारखी माणूस नेमकं तेच शोधतो. या चित्रीकरणाची लिंक, जन्मतारीख, उंची, चालता पाय (उजवा की डावा), संघ, खेळलेल्या स्पर्धा आणि तुमचा संपर्क एका पोस्टमध्ये लिहून ती पानाच्या वर पिन करा. एवढं केलंत तरी निवडीपुरतं इन्स्टाग्रामचं काम ८० टक्के झालं.

नाव हवं असेल तर वर सांगितलेल्या तीन झऱ्यांचं छोटं रूप शोधा. तुमच्या पानावरच्या पोस्ट मी पाहिल्या. जिममधला आरसा, बुटांचा फोटो, इंग्रजीतलं सुविचारवजा कॅप्शन, मागे ढणढण गाणं. हे देशातली लाखो पोरं टाकतात. तुमच्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आहे! भरलेल्या स्टँडचा आवाज आहे. त्या आवाजावर गाणं टाकून तुम्ही स्वतःचा सर्वांत भारी माल झाकताय. क्लिप १५-२० सेकंदांची ठेवा, सुरुवात त्याच्या पायात चेंडू येतो तिथून करा, लोगो वगैरे काही नको. पहिल्या क्षणी त्याच्याभोवती एक गोल काढा म्हणजे कोणाकडे बघायचं ते कळेल. खाली कोणाविरुद्ध, कोणती स्पर्धा, किती मिनिटाला, एवढंच. आणि ते तुम्ही घरात बोलता त्या भाषेत. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीच सांगितलंय की व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, किती लाइक मिळतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात या तीन गोष्टींना जास्त वजन असतं. अनोळखी लोकांपर्यंत जायला तर पाठवणं सगळ्यांत महत्त्वाचं. 'बघ, काय मारलाय' असं म्हणून पेठेतला पोरगा पुण्यात नोकरीला असलेल्या मित्राला काय पाठवेल, ते टाका. बुटांचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही.

रोज पोस्ट बंद करा. सामना असेल त्या आठवड्यात दोन-तीन, नसेल तर एखादी. हरलेला सामनाही टाका. त्यानं चुकवलेली सोपी संधीसुद्धा टाका, आणि त्यावर त्याला स्वतःला काय वाटतं ते एका वाक्यात त्याच्याच आवाजात. पुढच्या हंगामात त्याच जागेवरून गोल झाला तर तुमच्याकडे जोडव्हिडिओ तयार असेल.

दुसऱ्यांचे कॅमेरे जवळ करा. मैदानाच्या कडेला दोन-तीन हौशी फोटोग्राफर असतातच, सामने थेट दाखवणारी स्थानिक यूट्यूब चॅनेलही असतात. त्यांना नाव देऊन श्रेय द्या, फोटो कापून त्यांचं नाव उडवू नका. त्यांच्या पानावर भावाचा फोटो येणं हे तुमच्या पानावर दहादा येण्यापेक्षा जास्त मोलाचं, कारण ते 'आमचा भाऊ' म्हणत नाहीत, 'हा खेळाडू' म्हणतात.

आणि चढाओढ. इथे जपून. पेठांमधली टीका-टोमणे हे तुमचं इंधन आहे, पण ते मैदानाबाहेर पेटलं की काय होतं ते कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलंय. समोरच्या संघाच्या चांगल्या खेळाडूचं नाव घेऊन कौतुक करा. त्याचे समर्थक वाद घालायला येतील, तेवढी गंमत होऊ द्या, शिवी आली की उडवा. उत्तर भावानं द्यायचं नाही. त्याला 'काय बघालायस' म्हणायचं असेल तर ते एकदाच, मैदानात, आणि जिंकल्यावर.

आता विकतच्या फॉलोअरचं. साधारण २०१८ ची गोष्ट. मी सांभाळत असलेल्या एका कबड्डीपटूच्या घरच्यांनी मला न सांगता १५,००० फॉलोअर घेतले. त्याचे खरे फॉलोअर ६०० होते आणि पोस्टला ८०-९० लाइक यायचे, म्हणजे फार चांगलं प्रमाण. खरेदीनंतरही लाइक ८०-९० च, पण आता १५,६०० पैकी. नवी पोस्ट आधी थोड्या फॉलोअरना दाखवली जाते आणि त्यांनी बघितली तर पुढे सरकते, हे माझं तेव्हाचं निरीक्षण आजही तसंच आहे. त्या थोड्यांत आता बहुतेक खोटी माणसं असायची. महिन्याभरात ८० चे ४० झाले. पुढे एका बुटांच्या दुकानदारानं त्याला स्पाइक्स द्यायची तयारी दाखवली, मोबाईल उघडून पान बघितलं, पाच मिनिटं कॉमेंट चाळल्या आणि म्हणाला, "ह्यातलं माझ्या गावचं गिऱ्हाईक कुठलं?" उत्तर नव्हतं. शेवटी ते अकाउंट बंद करून नव्यानं उघडावं लागलं आणि ६०० तले २०० परत आले.

तुमचे ९०० खरे आहेत ना? ते बहुतेक तुमच्या चार-पाच पेठांतले, शाळेतले, नातेवाईक असणार. शाहू स्टेडियमच्या एका कोपऱ्यात बसतील एवढी ही माणसं. त्यांना पुढच्या सामन्याला बोलवा, त्यातल्या तिघांना वेगवेगळ्या ठिकाणाहून मोबाईल धरायला लावा. त्या सामन्यातले तीन तुकडे, काही कापाकापी न करता, मला पाठवा. त्याचा पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू तो पहिल्या स्पर्शात कसा घेतो, ते बघितल्याशिवाय रीलबद्दल आणखी काही सांगण्यात अर्थ नाही.